समोसीरचा नारळ

शारजात अल मजाजला ताईच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून पाणी दिसतं. एजंटनं फ्लॅट दाखवताना ‘लेक व्ह्यू, हबीबी, लेक व्ह्यू’ असं इतक्या वेळा म्हणलं की सही करायच्या आधी पाण्याची चव बघायचं दाजींना सुचलंच नाही. ती खाडी आहे. समुद्राचं पाणी आत येतं, खारट. भाडं मात्र गोड्या पाण्याचं घेतात.

मी तिथं फक्त शनिवार-रविवार असतो. बाकीचे दिवस अबुधाबीजवळ मुसफ्फात, वाळवंटातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे लोक लोखंड कापतात आणि मी त्याचे कागद सांभाळतो. शिक्षण बार्शीला, आणि शाळेत मी खरं काय शिकलो असेन तर हेडमास्तरांचा आवाज. त्या आवाजात मी एकदा आख्ख्या आठवीला सुट्टी दिली होती. आता शारजात मराठी मंडळाच्या गणपतीत मला आरती आणि जेवण यांच्या मधला नकलांचा स्लॉट देतात. लोकांना भूक लागलेली असते, त्यामुळं हसून लवकर मोकळे होतात.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये आयटीत मॅनेजर. माणूस सोन्यासारखा, पण घरातसुद्धा मीटिंगमध्ये असल्यासारखं बोलतो. भाजी संपली तर ‘भाजीचं स्टेटस काय आहे?’ असं विचारतो. त्या वर्षी ईदच्या सुट्टीच्या आधी त्यांनी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आम्हाला सोफ्यावर बसवून सुट्टीचं प्रेझेंटेशन दिलं. सगळे जॉर्जिया नाहीतर बाकूला जातात म्हणून आपण इंडोनेशियाला. सुमात्रा. टोबा नावाचं तळं. फार पूर्वी तिथं एक अवाढव्य ज्वालामुखी फुटला, त्याच्या खड्ड्यात हे तळं साठलं, आणि मग खालून जमीन पुन्हा वर ढकलली गेली, ते तळ्याच्या मधलं बेट. समोसीर.

“समोसा आयलंड?” माझी भाची म्हणाली. दुसरीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं.

दाजींची आई, माई, कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मूळच्या सांगलीच्या. दाजींचे वडील गेल्यापासून इकडंच असतात. प्रेझेंटेशन चाललं की त्या लसूण काढतात, वेळ सत्कारणी लागावा म्हणून. पण तळ्याचा फोटो आला तशा थांबल्या.

“हे पाणी गोडं आहे?”

“फ्रेशवॉटर, माई. वन ऑफ द लार्जेस्ट.”

“आणि तिथं आपलं ओळखीचं कुणी?”

“कुणीच नाही. दॅट्स द पॉइंट.”

“मग जाऊ या,” माई म्हणाल्या आणि परत लसूण घेतला.

दाजींना वाटलं प्रेझेंटेशन हिट झालं.

संध्याकाळी माईंना खाडीभोवती फिरवून आणायची ड्यूटी माझी असते. त्या दिवशी कारंज्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या बॅगेत एक नारळ मावेल का?”

म्हणलं, “माई, इंडोनेशियाला नारळ? मुसफ्फाला वाळू न्यायची का मग?”

“शेंडीचा मिळत नाही तिकडं. माझी बॅग तुझी ताई भरते. तिनं बघितलं की ती याला सांगणार, हा मीटिंग घेणार.”

मग हळूहळू सगळं निघालं. दाजींचे वडील, अप्पा, मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा माई कृष्णेला नवस बोलल्या होत्या. यांना घरी येऊ दे, तुझी ओटी भरीन.

मी जरा चाचरलो. “पण माई, अप्पा तर...”

“आले की घरी. आमटी-भात जेवले. दूधवाल्याशी भांडले. तीन आठवडे चांगले होते, मग गेले. मी ‘घरी येऊ दे’ म्हणले होते, ‘राहू दे’ म्हणले नव्हते. बोलताना चुकलं ते माझं. तिनं तिचं काम केलं.”

बार्शीतल्या वकिलांनी यांच्याकडं शिकायला यावं.

“मग भरली का नाही ओटी?”

“कोण भरू देतंय? नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नसते. घाटावर सगळ्या ओळखीच्या. जाऊबाई म्हणाली, सुनेच्या हातनं भरा. सून भरेल रे, गुणाची आहे. पण बोलले कोण? मी. अप्पा घरी आले कुणासाठी?” मग म्हणाल्या, “तिथं कुणी ओळखीचं नाही, म्हणजे कुणाला माहीत नाही मी कोण. मला एकदा माझ्या हातानं भरायची आहे. बास.”

मी आपला शेवटचा तांत्रिक मुद्दा काढला. “पण नवस कृष्णेला. हे तळं इंडोनेशियाचं.”

“तुम्ही इथं गणपती बादलीत बुडवता, तो जातोच ना घरी? हे तर एवढं मोठं पाणी आहे. पोचवेल.”

दुसऱ्या दिवशी रोल्याच्या बाजारातल्या आपल्या दुकानातून आम्ही शेंडीवाला नारळ आणला. त्यावर दुकानाचा गोल स्टिकर होता, तो भाचीनं काढून स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवर लावला. हिरवा खण माईंकडं आधीपासून होता, अप्पा मिरजेला असताना घेतलेला. हिरव्या बांगड्या, तांदूळ, सुपारी, हळकुंड, हळदकुंकवाच्या पुड्या, सगळं एका टॉवेलात बांधून माझ्या बॅगेत गेलं. कट पक्का झाला. ओळखीचं कुणी नसलेल्या जागी जायचं, एका सकाळी गुपचूप ओटी भरायची आणि यायचं.

आणि मग समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, “मी पण येते.”

काकू डोंबिवलीच्या. काका शिपवर असतात, सहा महिने पाण्यात, आणि काकूंना भेटल्यावर वाटतं की निर्णय विचार करून घेतलेला आहे. मंडळात त्यांना कुठलंही पद नाही, त्यामुळं त्या सगळंच बघतात. कुठल्या सणाला काय, कुणी कुणाला वाण द्यायचं, कोण कुठं बसायचं. कुणी नवीन सून मोदकाला चॉकलेट लावायला निघाली की मान तिरकी करून, डोळे मिटून, अगदी गोड आवाजात: “आपल्यात नाही हं चालत.” माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्यात जास्त टाळ्या या एका वाक्याला पडतात. काकू पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात हसतात. त्यांना वाटतं मी त्यांच्या नणंदेची नक्कल करतो.

“एकटीला ईदला कंटाळा येतो गं,” त्या ताईला म्हणाल्या. ताईनं लगेच हो म्हणलं. दाजींनी लगेच एक्सेलमध्ये रांग वाढवली. मी माईंकडं बघितलं. माई लसूण सोलत होत्या, पण तो लसूण होता म्हणून वाचला.

काकूंनी बघितलं तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यातल्या ग्रोसरीपर्यंत बातमी उतरायच्या आत ती सांगलीत पोचली असती. आणि सांगलीतनं फोन आला असता तो माईंना नव्हे, दाजींना.

प्रवासाचं काय सांगू. शारजा ते क्वालालंपूर, तिथून मेदान, तिथून गाडीनं डोंगर उतरत तळ्याच्या काठाला. दाजींनी विमानतळावर दिरहम देऊन तिथले रुपिया घेतले आणि आम्ही सगळे करोडपती झालो. चहाचा भाव ऐकून काकू आधी दिरहममध्ये दचकायच्या, मग आपल्या रुपयात करून शांत व्हायच्या, मग दुसरा कप मागायच्या. आणि पाण्याच्या बाटल्या. गल्फमध्ये राहिलेला माणूस नळाच्या पाण्याकडं संशयानंच बघतो. दाजींनी काठावरच्या दुकानातून बाटल्यांची दोन खोकी घेतली, ती बोटीत चढवली, आणि आम्ही आशियातल्या सगळ्यात मोठ्या गोड्या पाण्याच्या तळ्यांपैकी एकावरून बाटलीतलं पाणी पीत निघालो.

भाची कठड्यावरून वाकून बघत होती. तिला वाटलं समुद्र आहे. बोटीच्या बाजूनं पाणी उडालं, तिनं ओठ चाटले आणि घाबरून माझ्याकडं बघितलं.

“मामा, समथिंग इज राँग. इट्स नॉट सॉल्टी.”

माईंनी तिला जवळ ओढलं. “असंच असतं गं पाणी. तुला माहीतच नाही.”

चारी बाजूंनी हिरवे सरळसोट डोंगर, म्हणजे ज्वालामुखीच्या खड्ड्याच्या भिंती. मधे बेट. दाजी माहिती देत होते, “ज्वालामुखी आत्ता झोपलेला आहे. पण टेक्निकली जागृत होऊ शकतो.”

“जागृत आहे म्हणता?” काकूंनी हात जोडले आणि चपला काढून बोटीत अनवाणी उभ्या राहिल्या. “बघा, मला मगाशीच पोटात काहीतरी जाणवलं होतं.”

ते त्यांनी विमानात खाल्लेलं होतं. पण असो.

गेस्टहाऊस अगदी पाण्यावर. खोल्यांसमोरनं दगडी पायऱ्या थेट तळ्यात उतरत होत्या, वर होडी उलटी ठेवल्यासारखी दोन्ही टोकं उचललेल्या छपराची घरं. मालकीण माईंच्या वयाची. ट्रॅकपँट, वर कुठल्या तरी चर्चच्या पिकनिकचा टी-शर्ट, तोंडात पान. ‘होरास’ म्हणून तिनं आमचं स्वागत केलं, ते त्यांचं राम राम. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “एगलेस मिलेगा?” मालकिणीनं खूप वेळ विचार केला आणि मग प्रत्येकाला एक एक उकडलेलं अंडं आणून दिलं.

पहिल्या संध्याकाळी काकू कपाळाला बाम लावून लवकर झोपल्या. मी, माई आणि मालकीण पायऱ्यांवर. मालकिणीचं इंग्लिश तुटकं, माझं मुसफ्फातलं, म्हणजे चार देशांच्या सुपरवायझरांनी मिळून केलेलं. पण दोघींचं जमत होतं. मालकिणीनं माईंना खुणेनं विचारलं, नवरा? माईंनी वर बोट दाखवलं. मालकिणीनंही वर बोट दाखवलं. मग दोघी पान खात बसल्या. माईंना पान आवडतं हे मला तेव्हा कळलं.

मग मालकिणीनं सांगितलं. नवरा गेला तेव्हा त्यांच्याकडच्या पद्धतीनं तिच्या डोक्यावर एक विणलेलं कापड घातलं. जड, काळसर. पुरल्यानंतर तिच्या माहेरच्या वडीलधाऱ्यांनी ते काढलं, तिचं तोंड पाण्यानं धुतलं आणि डोक्यावर तांदूळ ठेवले.

“देन?” मी विचारलं.

“देन फिनिश. देन कुक फॉर गेस्ट.”

मी माईंना मराठीत सांगितलं. माईंनी ‘फिनिश’ एवढंच परत म्हणून बघितलं. मग मला म्हणाल्या, “हिला विचार, कापड काढलं नाही तर काय होतं?”

मी विचारलं. मालकिणीला प्रश्नच कळला नाही. का नाही काढणार, असं ती आपली बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या शेड्यूलमध्ये गरम पाण्याचे झरे होते, बेटाच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. गंधकाचं पाणी, सगळ्या दुखण्यांवर उपाय. माईंचा गुडघा नेमका त्याच सकाळी दुखायला लागला.

“मग तर आलंच पाहिजे माई, गुडघ्यासाठीच आहे ते,” काकू म्हणाल्या.

“दुखतोय म्हणून चढवणार नाही ना गाडीत,” माई म्हणाल्या. हे वाक्य नीट तपासलं तर त्यात काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या कण्हत म्हणलं होतं की कुणी तपासलं नाही. मी म्हणलं, माईंसोबत मी थांबतो. भाचीला झऱ्याला सडक्या अंड्याचा वास येतो असं मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ती पण थांबली. दाजी, ताई आणि काकू गाडीकडं गेले.

मी टॉवेल सोडला. माईंनी नेसलेली साडी ठीक केली. आम्ही पायऱ्यांपर्यंत पोचतो न पोचतो तोच काकूंचा आवाज.

“अगं बाई, माझा बाम राहिला.”

पायऱ्यांच्या वर जास्वंदीचं कुंपण होतं. काकू त्याच्या पलीकडं. आणखी दहा पावलं आल्या असत्या तर खाली नारळ, खण, हळदकुंकू आणि माई, सगळं एका फ्रेममध्ये. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार न करता मला एकच गोष्ट येते. मी कुंपणाच्या मागं वाकलो आणि पार्किंगच्या दिशेनं तोंड करून दाजी झालो.

“काकू, यल्ला. वी आर बिहाइंड शेड्यूल. बाम इज नॉट अ प्रायॉरिटी.”

चपलांचा आवाज थांबला. “आले बाई, आले. सुट्टीवर आहोत का ऑफिसात.” आणि चपला परत गेल्या.

ताईनं नंतर सांगितलं, काकूंनी गाडीत दाजींना चांगलंच सुनावलं, मोठ्या माणसांवर असं ओरडायचं नसतं म्हणून. दाजींनी माफी मागितली. आपण हे वाक्य कधी म्हणलं ते त्यांना आठवेना, पण ते आपलंच आहे याबद्दल त्यांना अजिबात शंका नव्हती.

इकडं माई शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाऊल. हातात खण-नारळ. आणि नुसत्याच उभ्या. पाणी एकदम शांत होतं, तळातले दगड दिसत होते. मला वाटलं काहीतरी मंत्र वगैरे म्हणत असतील.

“माई, काय झालं?”

“काही नाही. इतकं केलं, आणि आता हात पुढं होत नाही बघ. जाऊबाईच दिसतेय समोर.” मग पाण्याकडंच बघत म्हणाल्या, “तू अप्पांचा आवाज काढायचास ना. तुझ्या ताईच्या लग्नात काढला होतास, सगळे हसले होते.”

अप्पा गेल्यावर ताईनं मला दम भरला होता, तो आवाज या घरात परत काढायचा नाही. मी काढला पण नव्हता. आणि कुणी नक्कल कर म्हणल्यावर मी कधी मागं हटलेला माणूस नाही, पण तिथं मी उगाच टॉवेलाची घडी घालायला लागलो.

“काढ. ते असते तर काय म्हणाले असते?”

अप्पांना कायम कुठंतरी पोचायचं असायचं. देवळात जायचं असो नाहीतर लग्नाला, दारात रिक्षा उभी करून हाका मारायचे. मी घसा खाकरला आणि म्हणलं, “आटपा, आटपा. रिक्षा थांबलीय.”

माईंनी माझ्याकडं वळून बघितलं. मुसफ्फात वेल्डिंगची रांग सरळ आली नाही की इन्स्पेक्टर वेल्डरकडं बघतो ना, तसं.

“आटपा काय? मी काय त्यांची आत्या होते? आणि इतकं नाकात नाही बोलायचे.” त्यांनी हनुवटी जरा खाली घेतली, डावा खांदा थोडा पाडला, आणि त्यांच्या पोटातनं कुठून तरी अप्पा बाहेर आले. “आटप गं. रिक्षावाला आपला जावई नाही.” आणि शेवटी एक बारीक खोकला.

तो खोकला मला कधी सापडलाच नव्हता. मी बार्शीपासून आवाज गोळा करत आलोय, आणि या बाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

“आटपते,” माई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या आणि खाली वाकल्या.

पाण्याला हळद लावली, कुंकू लावलं. ते पसरत गेलं आणि लगेच दिसेनासं झालं. तांदूळ सोडले, बारीक मासे धावत आले. खण सोडणार इतक्यात वरनं मालकीण झाडू घेऊन खाली आली. तिनं काय चाललंय हे विचारलं नाही. फक्त बांगड्यांकडं बोट दाखवलं आणि मला म्हणाली, “ग्लास. चिल्ड्रन स्विम हिअर.”

मी माईंना सांगितलं. माई बांगड्या हातात धरून मागं वळल्या. मग पायऱ्या चढून मालकिणीसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “तिला म्हणावं, पदर पसर.”

टी-शर्टला पदर कुठला. मी खुणा केल्या. मालकिणीनं टी-शर्टची कड दोन्ही हातांनी धरून पुढं केली, पेरू गोळा करायला पोरं धरतात तशी. माईंनी त्यात खण घातला, बांगड्या घातल्या, उरलेले तांदूळ घातले. नवरा नसलेल्या बाईनं नवरा नसलेल्या बाईची ओटी भरली. काकूंनी हे बघितलं असतं तर डोळे मिटायला पापण्या पुरल्या नसत्या.

मालकिणीनं ओटीतले तांदूळ बघितले. झाडू बाजूला ठेवला, चिमूटभर उचलले आणि माईंच्या डोक्यावर ठेवले. मग खाली जाऊन ओंजळीत तळ्याचं पाणी आणलं आणि माईंच्या तोंडावरून हात फिरवला. भाची म्हणाली, “इज इट अ फेशियल?” आणि त्यावर माई जे हसल्या, ते मला अजून ऐकू येतं. मला त्या हसण्याची नक्कल जमत नाही. करून बघितली आहे.

नारळ राहिला होता. त्याला कुंकू लावून माईंनी तो दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला आणि हलकेच ढकलला. नारळ गेला. थोडं अंतर गेला, फिरला, आणि परत पायरीशी आला. पुन्हा ढकलला. यावेळी जरा लांब गेला, पण तिकडनं एक मासेवाला होडी घेऊन चालला होता, त्यानं तो काढला, शेंडीला धरून हसत हसत आणून माईंच्या हातात दिला. इथली माणसं फार चांगली आहेत. कुणाची वस्तू पाण्यात पडली तर तशी सोडून देत नाहीत. मालकिणीनं त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तो दोनदा सॉरी म्हणाला.

तिसऱ्यांदा मी घेतला. शाळेत मी बाउंडरीवरनं थ्रो करायचो. माईंनी ‘देवाचा आहे, टाकू नको, सोड’ असं सांगेपर्यंत तो गेला होता. लांब जाऊन पडला, डोकं वर काढलं आणि डुलत डुलत टेकाडाच्या वळणाला दिसेनासा झाला.

“पोचवेल आता,” माई म्हणाल्या. आणि नाश्त्याला त्यांनी मालकिणीकडनं स्वतःहून दुसरी पोर्शन मागून घेतली. गुडघ्याचं नाव नाही.

संध्याकाळी झऱ्याची मंडळी परत आली. काकूंना गंधकाचा वास लागला होता, त्या पाय धुवायला तडक पायऱ्यांवर गेल्या. आणि तिथं त्या अशा थांबल्या की दाजींना वाटलं साप आहे.

पायरीला टेकून नारळ उभा होता. शेंडी वर. डोळ्यांशी थोडंसं कुंकू अजून टिकलेलं.

“कुणी हात लावू नका,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “मी बोटीत काय म्हणाले होते? जागृत आहे. बघा, माझ्या पायाशी आला.”

“बट दॅट इज माईज...” भाचीनं सुरू केलं.

“यल्ला, कोण आइस्क्रीम खाणार?” मी म्हणलं. तिनं माझ्याकडं बघितलं, दर ठरवला, आणि म्हणाली, “टू स्कूप्स.”

तेवढ्यात मालकीण कंदील लावायला आली. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. काकूंनी त्या बघितल्या आणि ताईच्या कानाशी लागल्या, “बघितलंस? सवाष्ण आहे ती. तिनंच भरली असणार ओटी. जगात कुठंही जा, संस्कार सारखेच गं.” मग पदरात नारळ घेतला, कपाळाला लावला आणि मालकिणीला वाकून नमस्कार केला. मालकिणीनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. तिनं काकूंना आशीर्वाद दिला आणि एक उकडलेलं अंडं आणून दिलं.

नारळ शारजाला परत आला. यावेळी काकूंच्या बॅगेत, रेशमी रुमालात. पुढच्या शनिवारी मंडळाचं पॉटलक होतं, तिथं काकूंनी त्याच्या वड्या करून आणल्या आणि ताटं लागायच्या आधी पूर्ण हकीकत सांगितली. ज्वालामुखी, तळं, पोटातलं जाणवणं, नारळ पाण्यातनं सरळ रेषेत त्यांच्याकडं कसा आला. मध्ये मध्ये मला म्हणायच्या, “पाण्याचा आवाज काढ ना रे जरा,” आणि मी काढत होतो. कलाकाराला पर्याय नसतो.

माई खुर्चीवर बसून अगदी नीट ऐकत होत्या.

“कुंकू होतं म्हणता नारळावर?” त्यांनी विचारलं.

“होतं ना माई. कुण्या पुण्यवान सवाष्णीचा हात लागलेला नारळ आहे.” काकूंनी ताटली पुढं केली आणि आवाज मऊ केला. “तुम्ही पण घ्या हं. प्रसाद आहे. प्रसादाला काही नसतं, तुम्हालासुद्धा चालतो.”

ताईचा चेहरा उतरला. दाजी घसा खाकरायला लागले. माईंनी दोन वड्या घेतल्या. एक तिथंच खाल्ली, सावकाश.

“छान झाल्यात,” म्हणाल्या. “वेलची जरा कमी पडली.”

परत येताना लिफ्टमध्ये मी, माई आणि भाची. दार बंद झालं. माईंनी दुसरी वडी भाचीला दिली. तिनं खाल्ली आणि विचारलं, “माई, कॅन आय टेल हर? इट वॉज यॉर कोकोनट.”

माईंनी मान तिरकी केली. डोळे मिटले.

“आपल्यात नाही हं चालत.”

भाची लिफ्टच्या फरशीवर बसून हसत होती. मी आमच्या मजल्याचा आकडा बघत उभा होतो. गणपतीला आता नवीन आयटम बसवावा लागणार होता.